एस्प्रेसो मशीनचा पंप अचानक खडखडतोय? आधी हे तपासा

सकाळी बटण दाबलं आणि रोजच्या घूंऽऽ ऐवजी मिक्सरमध्ये खडे टाकल्यासारखी खडखड सुरू झाली. कपात मात्र पाण्याचा थेंब नाही. अशा वेळी बरेच जण पुन्हा पुन्हा बटण दाबत राहतात. तेवढं करू नका, पंप खरोखर जळू शकतो.

घरगुती मशीनमध्ये बहुतेक वेळा मुठीत मावेल एवढा व्हायब्रेशन पंप असतो. आत तांब्याची कॉइल, छोटा पिस्टन आणि स्प्रिंग. कॉइल पिस्टनला ओढते, स्प्रिंग त्याला परत ढकलते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून हे सेकंदाला ५० वेळा होतं. आवाज होणारच! कॅफेतल्या मोठ्या मशीनमध्ये बहुधा मोटरवर फिरणारा रोटरी पंप असतो, त्याच्या शांतपणाशी तुलना करण्यात अर्थ नाही.

आता खडखड. पिस्टनसमोर पाणी नसेल तर तो मोकळाच आपटतो. पंपात हवा अडकली की ती नुसती दाबली जाते, पुढे सरकत नाही, आणि मागचं पाणी आत येत नाही. टाकी कोरडी पडली किंवा मशीन बरेच दिवस बंद होतं, की हमखास असं होतं. टाकी भरा, खालपर्यंत नीट बसली आहे ना बघा, नळी मुडपली नाही ना आणि जाळीत कचरा नाही ना तेही बघा. मग स्टीमच्या नळीखाली भांडं ठेवा, गरम पाण्याचा व्हॉल्व्ह उघडा आणि पंप १०-१५ सेकंद चालवा. थांबा. पुन्हा चालवा. आधी फुसफुस, मग सलग धार आली की हवा निघाली. हात लांब ठेवा, वाफेने भाजतं. दोन-चार प्रयत्नांत धार आली नाही तर पंप गार होऊ द्या. पाण्याशिवाय तो पटकन तापतो.

आवाज उलट दबका, कण्हल्यासारखा येतोय? मग पंपावर दाब जास्त पडतोय. कॉफीचा दांडा काढून नुसतं पाणी सोडा. आवाज नेहमीसारखा झाला तर दोष कॉफीचा: पूड फार बारीक आहे किंवा जास्त ठासली आहे. तरीही पाणी कमीच येत असेल तर आत क्षार साचले असणार. बोअरवेलचं जड पाणी वापरणाऱ्यांना हे नवीन नाही. सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, चालतं का आणि किती, ते मशीनच्या पुस्तिकेत बघूनच वापरा.

पाणी व्यवस्थित येतंय आणि तरी खडखड? वरचे कप आणि खालचा ट्रे काढून बघा. बऱ्याचदा तेच थरथरत असतात! नाहीतर पंपाखालचे रबर सरकले असतील.

अमेरिकेतून कुणी मशीन आणलं असेल तर ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज कमी करतो, पण ५० हर्ट्झचे ६० करत नाही. त्यामुळे आवाज वेगळा येतो आणि कॉइल जास्त तापते.

नुसता गूं आवाज, पाणी नाही, जळका वास: प्लग काढा आणि मेकॅनिकला बोलवा. मशीन धडधाकट असतानाच २० सेकंदांचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेवलात, तर नवा आणि जुना दोन्ही त्याला व्हॉट्सॲपवर पाठवता येतील.