पाचटाला काडी लावण्याआधी

ऊस तुटून गाडी कारखान्याला गेली की फडात पाचटाचा थर उरतो. आमच्या जुन्नर भागात अजूनही बरेच जण त्याला काडी लावतात. सरी मोकळी होते, पाणी नीट धावतं, खोडवा लवकर फुटतो, असं त्यांचं म्हणणं. मी स्वतः ऊस करतो, म्हणून हिशेबानंच बोलतो.

हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट निघतं. त्यात नत्र अर्धा टक्का धरलं तरी ४० ते ५० किलो होतं, म्हणजे युरियाच्या दोन गोण्या. पाचट पेटवलं की त्यातलं बहुतेक नत्र उडून जातं. धुराबरोबर मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडही हवेत जातात. १०० वर्षांच्या हिशेबात एक किलो नायट्रस ऑक्साइड सुमारे २७० किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडवतो. गेलेलं नत्र भरून काढायला आपण जादा युरिया टाकतो आणि तुंबलेल्या पाण्यात त्यातूनही तोच वायू निघतो.

त्यापेक्षा पाचट सरीत दाबावं, बुडखे जमिनीलगत छाटावेत. कुजवणारे जिवाणू सुरुवातीला नत्र खातात, म्हणून वरून थोडा युरिया आणि सुपर फॉस्फेट द्यावं. ओल टिकते, तण दबतं. दोन-तीन महिन्यांनी थर उचलून पाहा: खालची माती भुसभुशीत, गांडुळांच्या विष्ठेनं भरलेली.

याच फडात बिबट्याची मादी पिल्लं घालते. तोडणीत कोयत्यासमोर डोळे न उघडलेली पिल्लं सापडतात. तेव्हा तोड थांबवून वनखात्याला कळवायचं. अंधार पडताना पिल्लं त्याच जागी ठेवली, की बहुतेक वेळा मादी येऊन घेऊन जाते. तोडणीआधी उभा फडच पेटवला तर त्यांची राख होते. बिबट्यानं आमच्याकडे माणसं मारली आहेत, ते दुःख मी लहान करत नाही. पण आगीनं बिबट्या हटत नाही. उलट पिल्लांना शोधणारी मादी वस्तीभोवती घुटमळते.

आणि धूर? तो सर्वांत आधी ऊसतोड मजुरांच्या कोप्यांत शिरतो, त्यांच्या तान्ह्या पोरांच्या छातीत.

पाचट दाबायला मजुरी लागते, ती छोट्या शेतकऱ्याच्या हाती नसते. कारखान्यांनी ती ऊसबिलाआधी उचल म्हणून द्यावी आणि काम गावातल्या मजुरांना मिळावं. नुसत्या उपदेशानं काडी विझणार नाही. मजुरी मिळाली तर विझेल.