फोल्डरचं नाव नको, पूर्ण पत्ता दाखव!



आज एक अगदी छोटी सेटिंग समजून घेऊ. करायला दोन मिनिटंही लागत नाहीत. पण ती माहीत नसल्यामुळे माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती, म्हणून आधी तो किस्सा सांगते.

माझ्याकडे लागोपाठ दोन वर्षं चौथीचा वर्ग होता. शाळेच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक वर्षाचं एक फोल्डर, त्यात 'चौथी' आणि त्यात 'निकाल', अशी मी छान मांडणी केली होती. नवीन वर्षाच्या पहिल्या सत्राचे गुण घरी भरून पेनड्राइव्हवर आणले. मागच्या वर्षीचा तक्ता कसा केला होता ते बघायचं होतं, म्हणून दोन्ही वर्षांची फोल्डरं शेजारी शेजारी उघडली. दोन्ही विंडोंच्या माथ्यावर एकच शब्द होता, 'निकाल'. घाईघाईत एका विंडोत पेस्ट केलं. कॉम्प्युटरने विचारलं, या नावाची फाईल आधीच आहे, बदलू का? मी म्हटलं, बदल! आणि मागच्या वर्षीचे गुण गेले.

रिसायकल बिनमध्ये शोधलं, तर तिथे काही नाही. डिलीट केलेली फाईल तिथे जाते. पण एका फाईलवर दुसरी फाईल बसली की जुनी तिथे जात नाही. नशीब, कागदावरची प्रत कपाटात होती. ती समोर ठेवून सगळ्या मुलांचे गुण पुन्हा टाईप केले.

आता सांगा, चूक कुठे झाली? फोल्डरची नावं चुकीची नव्हती. विंडोवरचं लेबल अपुरं होतं.

आपल्याकडे वडगाव नावाची किती गावं आहेत! वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक... पाकिटावर नुसतं 'वडगाव' लिहून पत्र पोचेल का? म्हणून तर आपण मु. पो., तालुका, जिल्हा असं सगळं लिहितो. फोल्डरलाही असा पूर्ण पत्ता असतो. त्याला 'पाथ' म्हणतात. उदाहरणार्थ:

डी:\शाळा\2023-24\चौथी\निकाल

हा पत्ता पाकिटावरच्या पत्त्याच्या उलट क्रमाने वाचायचा. आधी मोठं, मग लहान. 'डी' हा ड्राइव्ह म्हणजे जणू जिल्हा आणि शेवटचं 'निकाल' म्हणजे घर. मधली तिरकी रेघ म्हणजे 'याच्या आत'. विंडोजमध्ये सहसा विंडोवर फक्त घराचं नाव दिसतं. आपल्याला पूर्ण पत्ता दिसायला हवाय.

कसं करायचं? (विंडोज 10 आणि 11)

1. स्टार्टजवळच्या शोधपट्टीत 'फाईल एक्सप्लोरर ऑप्शन्स' असं इंग्रजीत टाईप करा आणि समोर आलेल्या नावावर क्लिक करा.
2. छोटी चौकट उघडेल. वरच्या टॅबपैकी 'व्ह्यू' निवडा.
3. खाली चौकोनांची लांब यादी दिसेल. त्यात 'डिस्प्ले द फुल पाथ इन द टायटल बार' ही ओळ शोधा आणि तिच्या चौकोनात टिक करा.
4. 'अप्लाय' आणि मग 'ओके'.

टायटल बार म्हणजे विंडोच्या माथ्यावरची पट्टी. आता कुठलंही फोल्डर उघडा, तिथे पूर्ण पत्ता दिसेल. नको वाटलं तर त्याच जागी जाऊन टिक काढा. 'रिस्टोअर डिफॉल्ट्स' बटण मात्र दाबू नका, त्याने यादीतल्या बाकीच्या सेटिंगही मूळ जागी जातात.

काही शाळांत अजून विंडोज 7 आहे. तिथे ही ओळ सापडते, पण ती फक्त साध्या क्लासिक थीमपुरती चालते.

खालच्या पट्टीवरही नाव हवं असेल तर

स्क्रीनच्या तळाच्या टास्कबारवर सगळी फोल्डरं एकाच पिवळ्या चित्रात गोळा होतात. ती सुटी करायची असतील तर टास्कबारच्या मोकळ्या जागी राइट क्लिक करा, 'टास्कबार सेटिंग्ज'मध्ये जा आणि 'कम्बाइन टास्कबार बटन्स'समोर 'नेव्हर' निवडा. विंडोज 11 मध्ये हा पर्याय 'टास्कबार बिहेव्हियर्स'खाली आहे. 2021 मध्ये विंडोज 11 आलं तेव्हा ही सोय नव्हती, 2023 च्या अपडेटमध्ये ती परत आली. म्हणून तुमच्याकडे दिसत नसेल तर आधी अपडेट करून घ्या.

एक अडचण आणि तिच्यावर उपाय

पत्ता लांब झाला की टास्कबारवर आणि विंडोज 11 च्या टॅबवर त्याचं शेपूट कापलं जातं. नेमका 'निकाल' हाच शब्द दिसत नाही! म्हणून दोन गोष्टी करा. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर असं खोल जाऊ नका, तीन-चार पायऱ्या पुरे. आणि शेवटच्या फोल्डरच्या नावातच ओळख ठेवा, नुसतं 'निकाल' नको, 'निकाल 2023-24' ठेवा. तरीही शंका आली तर विंडोतल्या ॲड्रेस बारच्या मोकळ्या जागेत क्लिक करा, पूर्ण पत्ता अक्षरात दिसेल.

पालकांनो, घरी एकाच कॉम्प्युटरवर दोन भावंडं काम करत असतील आणि दोघांचंही 'अभ्यास' नावाचं फोल्डर असेल, तर ही सेटिंग नक्की करा. ताईचा प्रकल्प दादाच्या फाईलखाली गेला की घरात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको!

मुलांनाही हे शिकवता येतं. परिसर अभ्यासात आपण घर, गाव, तालुका, जिल्हा, राज्य हा क्रम घेतोच. त्याच तासाला फोल्डरचा पत्ता फळ्यावर लिहा आणि 'निकालचं घर कुठल्या गावात?' असं विचारा. मुलं पटकन सांगतात.

मी आता पेस्ट करण्याआधी एकदा वर बघते. आणि कॉम्प्युटरने 'बदलू का?' विचारलं, की आधी पत्ता वाचते, मगच हो म्हणते.