‘हे वाच’ म्हणणाऱ्यांची साठ वर्षं

मराठी पुस्तक जाहिरातीवर फारसं कधी खपलं नाही. प्रकाशकाकडे जाहिरातीला पैसा नसायचा, आजही बेताचाच असतो. हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती निघायची आणि तीही संपायला कधी कधी वर्षं लागायची. तरी जी पुस्तकं घरोघर पोचली, ती कुणीतरी कुणाला तरी ‘हे वाच’ म्हटलं म्हणून. गेल्या साठेक वर्षांत असं म्हणणाऱ्यांच्या जागा बदलत गेल्या. मासिकाचं पान, वाचनालयाचं टेबल, पत्र, चळवळ, पुस्तकांची पेटी आणि आता हातातला मोबाइल. हे सगळं ओळीनं मांडलं की एक गोष्ट लक्षात येते. सुचवणाऱ्यानं स्वतःचं काही पणाला लावलं असेल, तरच त्याच्या शब्दाला वजन आलं.

सुरुवात 1964 पासून करू. त्या वर्षी जानेवारीत गिरगावच्या मॅजेस्टिक बुक स्टॉलचे केशवराव कोठावळे यांनी ‘ललित’ मासिक सुरू केलं. कथा-कविता छापणारी मासिकं तेव्हा होतीच, ‘सत्यकथा’चा तर दबदबा होता. ‘ललित’नं मात्र पुस्तक हाच विषय केला. नवं काय येतंय, कोण काय लिहितंय, कोणत्या पुस्तकाची चर्चा आहे, हे दर महिन्याला वाचकाच्या हातात पडू लागलं. पुस्तकविक्रेत्यानंच काढलेलं मासिक म्हटल्यावर त्यात स्वतःच्या मालाची भलामण असणार, ही शंका रास्त होती. तिला उत्तर दिलं ठणठणपाळानं. ‘घटका गेली, पळे गेली’ या सदरात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या टोपणनावानं लेखक, प्रकाशक, समीक्षक आणि संमेलनवाले अशा सगळ्यांची यथेच्छ फिरकी घेत, आणि वसंत सरवटे यांनी काढलेला हातोडेवाला ठणठणपाळ तर त्या मासिकाची ओळखच होऊन बसला. ज्यांची पुस्तकं दुकानात विकायची त्यांचीच टोपी आपल्या मासिकात उडवू द्यायची, हे धंद्याच्या दृष्टीनं परवडणारं काम नव्हतं. पण त्यामुळंच त्या पानांवरच्या कौतुकावर वाचकाचा विश्वास बसला. जिथं चेष्टा करायची मुभा आहे, तिथली स्तुती खरी असण्याची शक्यता जास्त.

‘ललित’ सगळीकडं पोचत नव्हतं. वाचनालय मात्र गावोगाव होतं. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 चं. 1967 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, अनुदान सुरू झालं आणि पुढं ही संख्या वाढत बारा हजारांच्या आसपास गेली. शहरांत याखेरीज खासगी लायब्रऱ्या होत्या. एका गाळ्यात छतापर्यंत घोडे, अनामत रक्कम, महिन्याची वर्गणी आणि टेबलामागं बसलेला मालक. सभासदाची आवड त्याला तोंडपाठ. घरातली बाई मुलाच्या हाती चिठ्ठी पाठवायची, ‘नवीन असेल ते द्या, मागच्यासारखं रडकं नको.’ मालक टेबलाखालून एक पुस्तक काढायचा, जे तिच्यासाठीच बाजूला ठेवलेलं असायचं. पुस्तक फसलं तर दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक आणि त्यासोबत दोन शब्द टेबलावर यायचे. वर्गणीदार हातचा जाऊ नये म्हणून तरी त्याला नीट सुचवावं लागे.

लायब्ररीतल्या पुस्तकांमधून आणखी एक संभाषण चालायचं, ते पेन्सिलीनं. पुस्तकाच्या शेवटी डकवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर किती शिक्के पडलेत, ते पाहून पुस्तक घ्यायचं की नाही हे बरेच जण ठरवत. आत गेलं की समासात शेरे. कुणी ‘सुंदर!’ लिहिलेलं, त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘काय सुंदर? भंकस आहे’, आणि त्याखाली तिसऱ्यानं ‘दोघांनीही लायब्ररीचं पुस्तक खराब करू नये’ असं बजावलेलं, तेही पेन्सिलीनंच. रहस्यकथेच्या पहिल्या पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवणारे नतद्रष्टही होते. एकमेकांची तोंडं कधी न पाहिलेल्या माणसांची ही वाचनचर्चा होती, आणि ग्रंथपाल खोडरबर घेऊन तिच्या मागं लागलेला असे.

दिवाळी आली की ही सगळी यंत्रणा जोरात यायची. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’नं 1909 मध्ये पहिला दिवाळी अंक काढला आणि पुढं तो मराठी वाचकाचा वार्षिक रतीबच झाला. वाचनालयांनी दिवाळी अंकांच्या योजना काढल्या. ठरावीक रक्कम भरायची आणि होळीपर्यंत एकेक अंक घरी न्यायचा. कोणत्या अंकातली कोणती कथा आधी वाचायची, हे बदलायला आलेल्यांच्या रांगेतच ठरायचं.

पत्रांचा काळही याच दरम्यानचा. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहत, फारसे कुणाला भेटत नसत, पण पत्रं लिहीत. त्यांच्या निवडक पत्रांचे खंड पुढं प्रसिद्ध झाले. त्यातला पहिलाच सुनीता देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा आहे. या पत्रांत पुस्तकांविषयी जे येतं, ते परीक्षणासारखं नसतं. एखादं पुस्तक आपल्याला का लागलं आणि दुसरं एवढं गाजूनही का नाही भिडलं, हे ते समोरच्याला ओळखून लिहितात. तिकडं पु. ल. देशपांडे जाहीरपणे हेच करत होते. आवडलेलं पुस्तक दिसलं की हातचं राखून न ठेवता लिहायचं, हा त्यांचा खाक्या. अशाच लेखनाच्या संग्रहाचं नावच ‘दाद’ आहे. पुलंनी वाखाणलं म्हणजे घ्यायला हरकत नाही, असं म्हणणारी घरं महाराष्ट्रात पुष्कळ होती.

मात्र या साऱ्या देवाणघेवाणीला एक मर्यादा होती. सुचवणारा आणि ऐकणारा बहुधा एकाच आळीतले. पुणे-मुंबईतला शिकलेला वाचक दुसऱ्या शिकलेल्या वाचकाला सांगे, आणि पुस्तकंही त्यांच्याच घरांभोवती फिरत. हे वर्तुळ ठळकपणे मोडलं ते ‘ग्रंथाली’नं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी ही संस्था उभी केली आणि तिला नाव दिलं वाचक चळवळ. पद्धत साधी होती. वाचकांनी आधी पैसे भरायचे, त्या बळावर पुस्तक छापायचं आणि त्यांना ते स्वस्तात द्यायचं. शिवाय पुस्तकं गाड्यांवर घालून प्रदर्शनांच्या रूपानं तालुक्याच्या गावांपर्यंत न्यायची.

या चळवळीनं जे ‘वाचा’ म्हणून पुढं केलं ते पाहा. 1978 मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’. 1980 मध्ये लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’, ज्याला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 1994 मध्ये किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’. ही पुस्तकं दिवाणखान्यात सहज मांडून ठेवण्याजोगी नव्हती. ज्यांनी आधी पैसे भरले, त्यांना आपल्या पैशातून काय छापलं जाईल याचा अंदाज नव्हता आणि छापून आलं ते त्यांच्याच जगण्याला प्रश्न विचारणारं होतं. तरी त्यांनी ते वाचलं, शेजाऱ्याला दिलं, त्यावर भांडले. सुचवणाऱ्यांत नवी माणसं आली की सुचवलं जाणारं पुस्तकही बदलतं, याचा एवढा स्पष्ट दाखला मराठीत दुसरा सापडणार नाही.

वाचनाच्या गप्पांना साहित्याचा मान मिळाला तो 2013 मध्ये. कवी सतीश काळसेकर यांच्या ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ला त्या वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लघुअनियतकालिकांच्या चळवळीतून आलेला हा माणूस आयुष्यभर पुस्तकं गोळा करत आणि वाटत राहिला. कोणतं पुस्तक कसं हाती आलं, कुणी सांगितलं, त्यावरून पुढचं कोणतं आठवलं, असा त्या लेखनाचा ओघ आहे. विद्वत्तेचा आव नाही, पण पुस्तकाशिवाय चैन पडत नाही हे पानोपानी कळतं.

याच सुमारास वाचकाकडं पुस्तक नेण्याचे दोन प्रयोग झाले. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं 2009 मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. 100 पुस्तकांची एक पेटी एखाद्या वसाहतीतल्या वाचकांच्या गटाकडं जाते, काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी तिची अदलाबदल होते. पेट्या पुढं दुबईपर्यंत गेल्या. दुसरा प्रयोग सरकारी. 4 मे 2017 रोजी पाचगणीजवळचं स्ट्रॉबेरीचं भिलार हे पुस्तकांचं गाव झालं आणि 25 ठिकाणी सुमारे 15,000 पुस्तकं मांडली गेली. दोन्हींमध्ये पेटी सांभाळणारा किंवा ओटी मोकळी करून देणारा माणूस आपसूक ग्रंथपाल होतो आणि आल्यागेल्याला ‘हे बघा’ म्हणू लागतो. याउलट 2015 पासून 15 ऑक्टोबरला साजरा होणारा वाचन प्रेरणा दिन. जिथं एखाद्या शिक्षकाला स्वतःला वाचनाचं वेड असतं तिथं तो रंगतो, नाहीतर फोटो काढून अहवाल पाठवण्यात संपतो.

आणि आता मोबाइल. त्याला नावं ठेवणं सोपं आहे, पण त्यानं एक मोठं काम केलं. ज्याच्या गावात पुस्तकाचं दुकान नाही आणि घरात दुसरा वाचणारा नाही, अशा माणसाला बोलायला माणसं मिळाली. गडचिरोलीतला शिक्षक आणि दुबईतली गृहिणी एकाच कादंबरीवर हुज्जत घालू शकतात. अप्राप्य पुस्तकाची जुनी प्रत कुणाकडं आहे हे तासाभरात कळतं. पण इथंच शिफारस फुकटही झाली. ‘मरण्यापूर्वी वाचावीत अशी 100 पुस्तके’ अशी यादी पुढं ढकलायला एक बोट लागतं. ढकलणाऱ्यानं त्यातली दहा वाचली आहेत का, हे कुणी विचारत नाही. त्यामुळं प्रत्येक यादीत तीच ‘ययाति’, तोच ‘मृत्युंजय’, तीच ‘कोसला’. पुस्तकं थोर आहेतच, पण त्यांना आता ओळख करून द्यायची गरज नाही. आणि नव्या लेखकाचं पुस्तक कुणी सुचवलंच, तर पहिला प्रतिसाद येतो, ‘पीडीएफ मिळेल का?’ म्हणजे सुचवणाऱ्याचं काही जात नाही, वाचणाऱ्याचं काही जात नाही. जातं ते लेखकाचं आणि प्रकाशकाचं.

तरी मोबाइलवरच्याच वाचकांच्या गटांत कुणीतरी लिहितं, ‘पहिली साठ पानं जड जातात, सोडू नका, आजोबा परत येतात तिथून पुस्तक उघडतं.’ एवढ्या दोन ओळींनी चार जण ते पुस्तक मागवतात. लिहिणाऱ्यानं पुस्तक खरोखर वाचलंय आणि उद्या गटात कुणी जाब विचारला तर तो उत्तर देणार आहे, हे त्या ओळींवरून कळतं. लायब्ररीच्या मालकाचं पणाला लागायचं तेच इथंही लागलेलं असतं, आपलं नाव. म्हणून यादी मागण्यापेक्षा एकच पुस्तक मागावं आणि ते का वाचायचं, हे विचारावं. ज्याला ते सांगता येत नाही, त्याची यादी कितीही लांब असली तरी उपयोगाची नाही.