वजन किती भरलं गं?

गरोदर बाईच्या अंगाकडे बघून मत देण्याचा हक्क आपल्याकडे सगळ्यांनाच असतो. पाचवा महिना लागला, की सुरू! ‘मानवलंय हो सूनबाईला,’ असं एक जण कौतुकानं म्हणते, तोवर दुसरी म्हणते, ‘अगंबाई, अंगावर काही दिसतच नाही. खातेस की नाही?’ तिसरीला चेहऱ्यावरचं तेज बघून मुलगी दिसते, चौथीला पोटाच्या आकारावरून मुलगा. शेजारच्या काकू, भाजीवाली, एसटीत बाजूला बसलेली अनोळखी बाई... सगळ्या जणी डोळ्यांनीच तिला तोलतात. ती खऱ्या काट्यावर उभी राहते तेव्हाचा आकडा मात्र कुणी विचारत नाही. बऱ्याचदा तिलाही तो कुणी सांगत नाही.

मैत्रिणींनो, आज त्याच आकड्याबद्दल बोलायचंय.

माझ्या आजीला माणसाचं वजन करणं ही कल्पनाच पसंत नव्हती. काटा असतो तो धान्याला, गुळाला, फार तर रद्दीला! ‘पोटुशी बाईनं वजन करू नये, दृष्ट लागते,’ असं ती ठणकावून सांगायची. आम्हा मुलींना माणसाच्या वजनाचा काटा ठाऊक होता तो रेल्वे स्टेशनवरचा. रंगीत दिव्यांचा, नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर टाकणारा. तिकिटावर वजन असायचं आणि भविष्यही. आम्ही आधी भविष्य वाचायचो!

१९९८ मध्ये मला दिवस गेले, तेव्हा पहिल्यांदा दवाखान्यातल्या काट्यावर उभी राहिले. ‘त्रेचाळीस!’ एका नर्सबाईंनी ओरडून सांगितलं, दुसरीनं लिहून घेतलं. ‘बरोबर आहे का हो?’ मी विचारलं. ‘ठीक आहे, पुढची कोण?’ दर खेपेला हेच. आकडा माझा, पण तो त्या दोघींमध्येच फिरायचा.

घरी सासूबाई मायेच्या. डोहाळे पुरवले, जड घागर उचलू दिली नाही. पण सातवा महिना लागला तशी माझ्या ताटातली भाकरी अर्ध्यावर आली. ‘पोट अन्नानंच भरलं तर बाळानं जायचं कुठं?’ त्या म्हणायच्या. ‘आणि मूल मोठं झालं की अडतं बाई.’ नऊ महिन्यांत माझं वजन ८ किलोनं वाढलं. मुलगी झाली, ती २ किलो ३०० ग्रॅमची. अडीच किलोच्या आतलं बाळ ‘कमी वजनाचं’ धरतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पहिले दोन महिने तिला अंगावर पिण्याचीही ताकद नव्हती. वाटी-चमच्यानं दूध पाजत, छातीशी बांधून आम्ही ते दिवस काढले. आज ती धडधाकट आहे, माझ्यापेक्षा चार बोटं उंच. पण सगळीच बाळं एवढी नशीबवान नसतात.

सासूबाईंच्या त्या नियमामागं काय होतं, ते त्यांनी फार नंतर एकदा सांगितलं. त्यांची थोरली बहीण घरीच बाळंत होताना गेली. तीन दिवस अडली होती. सुईण म्हणाली, मूल मोठं होतं. तेव्हापासून त्या घरात पोटुशीला कमी वाढायचं, हे ठरूनच गेलं. ऐकून माझा सगळा राग विरघळला. दवाखाना दहा कोसांवर, रस्ता नाही, गाडी नाही. अशा वेळी बाईचा जीव वाचवायला बायकांच्या हातात होतं काय? फक्त ताट! त्यांनी ते आवरलं.

पण आता परिस्थिती बदलली आहे, आणि नियम मात्र बऱ्याच घरांत तसाच आहे. खरं तर जेवलेलं अन्न जठरात जातं आणि बाळ असतं गर्भाशयात. दोन्ही पिशव्या वेगळ्या. शेवटच्या महिन्यांत जठरावर दाब येतो, थोडं खाल्लं तरी गच्च वाटतं, हे खरंच. त्यावर उपाय म्हणजे थोडं थोडं, पण दिवसातून पाच-सहा वेळा खाणं. बाळंतपण अडतं ते बाळाचा आकार, त्याची पोटातली स्थिती आणि आईच्या कटीराची रचना अशा कारणांनी. त्यासाठी दवाखाना आहे. आईला उपाशी ठेवून वाट मोकळी होत नाही, उलट बाळ अशक्त होतं आणि आईच्या अंगात कळा सोसायला बळ उरत नाही.

आपल्या महाराष्ट्रातलाच एक मोठा अभ्यास आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणापासून अभ्यास सुरू केला. दिवस जाण्याआधी या बायकांचं सरासरी वजन होतं सुमारे ४२ किलो आणि उंची १५२ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम पाच फूट. त्यांची बाळं सरासरी २ किलो ७०० ग्रॅमच्या आसपास. ही बाळं दिसायला बारीक, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि त्या मानानं चरबी जास्त असते, असं या अभ्यासात आढळलं. मोठेपणी होणाऱ्या मधुमेहाची पाळंमुळं इतकी मागं जाऊ शकतात! आणखी एक गोष्ट दिसली. ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खात-पीत होत्या, त्यांची बाळं जन्मतः मोठी होती. आणि ज्यांना शेतातलं, घरातलं कष्टाचं काम जास्त, त्यांची बाळं लहान. म्हणजे वजनाचा प्रश्न ताटातल्या भाकरीपाशी संपत नाही. ताटात काय आहे, आणि डोक्यावर किती ओझं आहे, हेही बघायला हवं.

आता हे वाढलेलं वजन जातं कुठं, ते बघू या. बाळ तीन किलोच्या आसपास. वार अर्धा-पाऊण किलो, बाळाभोवतीचं पाणी पाऊण ते एक किलो. गर्भाशय वाढतं, ते एक किलो. छाती भरते, अर्धा किलो. आईच्या अंगातलं रक्तच सव्वा ते दीड किलोनं वाढतं. उरलेले तीनेक किलो म्हणजे चरबी आणि शरीरातलं जास्तीचं पाणी. ही चरबी पुढं अंगावर पाजताना कामाला येते, निसर्गानं बाळंतिणीसाठी भरून ठेवलेली कणगीच म्हणा ना! ‘मी जाड झाले’ म्हणून हिरमुसणाऱ्या मुलींनी हा हिशेब एकदा वहीत मांडून बघावा.

मग किती वाढायला हवं? आपल्याकडं नर्सबाईंसाठी २०१० मध्ये आलेल्या सरकारी मार्गदर्शिकेत सांगितलंय, की गरोदरपणात साधारण ९ ते ११ किलो वजन वाढावं. पहिल्या तीन महिन्यांत फारसं वाढत नाही, उलट्यांमुळं कधी एखादा किलो कमीही होतं. त्यानंतर महिन्याला साधारण २ किलो. पण मूळ वजन किती आहे, यावरही ते अवलंबून असतं. अमेरिकेत २००९ मध्ये ठरवलेले आकडे डॉक्टर मंडळी बऱ्याचदा वापरतात. त्यासाठी आधी बीएमआय काढायचा. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं. उंची १.५२ मीटर आणि वजन ४५ किलो असेल, तर उत्तर येतं साडेएकोणीस. हा बीएमआय साडेअठराच्या खाली असेल तर साडेबारा ते अठरा किलो वाढ चांगली. साडेअठरा ते पंचवीसच्या आत असेल तर साडेअकरा ते सोळा. पंचवीस ते तीसच्या आत असेल तर सात ते साडेअकरा. तीस किंवा त्याहून जास्त असेल तर पाच ते नऊ. म्हणजे बारीक मुलीनं जास्त वाढायचं आणि मुळातच वजनदार असलेलीनं कमी. जावेचं किती वाढलं, वहिनीचं किती, याच्याशी आपल्या आकड्याचा काही संबंध नाही.

हे सांगायचं कारण म्हणजे आता घराघरांत दुसरं टोकही दिसतं. ‘दोन जिवांची आहेस, दोघांचं खा!’ २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या साधारण पाचातल्या एका बाईचं वजन कमी आढळलं, आणि जवळजवळ चारातल्या एकीचं जास्त. अर्धपोटी आणि वजनदार, दोघी एकाच गल्लीत राहतात.

माझ्या भाचीचंच बघा. उंची १५५ सेंटिमीटर, दिवस गेले तेव्हा वजन ६८. घरात तुपाचे लाडू, साजूक शिरा, आणि ‘हलू नकोस हो’चा घोष. सहाव्या महिन्यात एका डॉक्टरांनी भरल्या खोलीत तिला ऐकवलं, ‘केवढी फुगलीयस! आरशात बघतेस की नाही?’ पोरगी कानकोंडी झाली. पुढच्या तपासणीला वजन कमी भरावं म्हणून ती सकाळपासून उपाशी गेली, पायातल्या जोडव्यासुद्धा काढून ठेवल्या! त्यानंतरच्या खेपेला तर गेलीच नाही. पाहुणे आलेत, असं कळवलं. आशाताईंनी यादीत तिचं नाव चुकलेलं पाहिलं आणि थेट घर गाठलं. तिला उपकेंद्रात नेलं, तर दोन आठवड्यांत वजन तीन किलोनं वाढलेलं, पाय सुजलेले आणि रक्तदाब १५० वर १००. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात हलवलं. औषधोपचार झाले, पुढं बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली. पण काट्याच्या धाकानं ती आणखी एक खेप चुकवती तर?

एका महिन्यात तीन किलोहून जास्त वजन वाढलं, तर ते दर वेळी खाण्यामुळं असतं असं नाही. वाढलेल्या रक्तदाबाचा आजार, जुळी बाळं किंवा मधुमेह, याची ती खूण असू शकते. डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी, चेहऱ्यावर सूज, असं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाटच बघायची नाही. वजन वाढतच नसेल, तरीही विचारायला हवं. काटा आपल्याला काहीतरी सांगत असतो. त्यावरून बाईला बोलणी बसायला लागली, की ती काट्यापासून तोंड लपवते आणि मग सांगायचं ते राहूनच जातं.

इंग्लंडमध्ये तर ‘नाइस’ या आरोग्यविषयक मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेनं २०१० मध्ये म्हटलं होतं, की उपचारात त्याचा उपयोग होणार असेल तरच गरोदर बाईचं पुन्हा पुन्हा वजन करावं. आपल्याकडं कमी वजनाच्या बायका इतक्या आहेत, की दर महिन्याचं वजन हवंच. मात्र करून नुसतं लिहून ठेवायचं असेल, तर त्याचा बाईला काय उपयोग?

म्हणून थोडं आपणही करू या. दर वेळी शक्यतो एकाच काट्यावर, चप्पल काढून वजन करावं. आकडा आपल्या वहीत तारखेसकट लिहावा. आणि तिथंच, न लाजता तीन प्रश्न विचारावेत. माझ्या मूळ वजनाच्या मानानं हे बरोबर आहे का? मागच्या महिन्यापेक्षा किती वाढलं? पुढच्या महिन्यापर्यंत मी काय करू? दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, २०१६ पासून. तिथंही हे विचारता येतं.

खाण्याचं म्हणाल, तर गरोदरपणात रोज साधारण ३५० कॅलरी जास्तीच्या लागतात. म्हणजे एक भाकरी, वाटीभर उसळ आणि कपभर दूध. दोघांचं जेवण नक्कीच नाही! पण वजन कमी करण्याचं डाएटही या दिवसांत नको. मेथी, चाकवत, शेवगा, पेरू, केळं, शेंगदाण्याचा लाडू यांतलं काही ना काही रोज पोटात जावं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नयेत.

सासूबाईंना आणि घरातल्या पुरुषांना मात्र एक मागणं. सगळ्यांची ताटं झाल्यावर तळाशी उरलेलं कालवण घेऊन बसणारी पोटुशी सून अजूनही कितीतरी घरांत आहे. घरी नेलेला अंगणवाडीचा शिधाही सगळ्या घरात वाटला जातो. आदिवासी भागासाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत तर गरोदर आणि स्तनदा मातांसाठी एक वेळचं चौरस जेवण अंगणवाडीत शिजवायचं ठरलं. आपल्या घरात एवढं तरी करता येईल, की नऊ महिने तिचं ताट पहिल्या पंगतीला मांडायचं.

तुमच्या घरात कुणाला दिवस गेले असतील, तर माता-बाल संरक्षण कार्ड कपाटातून आजच काढा. त्यात वजनाचा रकाना असतो. सासूनं, सुनेनं, जमलं तर नवऱ्यानंही तो एकत्र बसून वाचा. रिकामा असेल, तर पुढच्या खेपेला भरून घ्या.