दाढेपासून नकाशापर्यंत

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, बिगहॉर्न डोंगररांगेत ‘नॅचरल ट्रॅप केव्ह’ नावाची गुहा आहे. तिचं तोंड थेट जमिनीच्या पातळीवर असल्यामुळे धावत आलेल्या जनावराला ते अगदी जवळ पोहोचेपर्यंत दिसत नसे. खाली सुमारे २५ मीटरचा सरळ खड्डा! हिमयुगातले घोडे, लांडगे, अमेरिकी सिंह, चित्त्यासारखी मार्जारं हजारो वर्षं त्यात पडत गेली. २०१४ मध्ये तिथलं उत्खनन पुन्हा सुरू झालं आणि संशोधक दोराच्या साहाय्याने खाली उतरू लागले.

सिंहाची कवटी बातमीत येते. गुहेतल्या मातीत मात्र त्याहून मोठा खजिना दडलेला आहे. ही माती अटलांटातल्या जॉर्जिया टेक विद्यापीठात जेनी मॅग्वायर यांच्या प्रयोगशाळेत पोहोचते. परिसंस्था आणि पुराजीव यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या या प्रयोगशाळेत नव्या विद्यार्थ्याची सुरुवात बहुधा चिमटा, ब्रश आणि सूक्ष्मदर्शकाने होते. बारीक चाळणीतून धुतलेला गाळ ट्रेमध्ये पसरायचा आणि तांदूळ निवडावेत तसे त्यातून दात, मणके, जबड्यांचे तुकडे वेगळे काढायचे. ‘फॉसिल फ्रायडे’ला तर स्वयंसेवकही या कामाला येऊन बसतात.

समजा, चिमट्यात व्होल या उंदीरवर्गीय प्राण्याची दाढ आली. ती जेमतेम काही मिलिमीटरची असते, पण वरून पाहिली की इनॅमलच्या नागमोडी कडा आणि एकाआड एक त्रिकोण स्पष्ट दिसतात. या त्रिकोणांचा आकार मोजून व्होलची जात ओळखता येते. मॅग्वायर यांनी कॅलिफोर्नियातल्या व्होलच्या दाढा अशाच मोजल्या, तेव्हा काही जातींचा वावर पूर्वी आजच्यापेक्षा बराच विस्तृत होता, हे उघड झालं.

इथे दाढेचा नकाशाशी संबंध येतो. हवामान बदललं की प्राणी आपल्याला मानवणाऱ्या प्रदेशाकडे सरकतात. हिमयुग संपताना त्यांच्या वाटा मोकळ्या होत्या. आज त्या वाटांवर शेती, शहरं, महामार्ग आहेत. मॅग्वायर आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अभ्यासानुसार, अमेरिकेतल्या नैसर्गिक भूभागापैकी फक्त ४१ टक्के भाग असा जोडलेला आहे, की तापमान वाढलं तरी तिथल्या जिवांना अनुकूल हवामानापर्यंत पोहोचता येईल. मधले जोडमार्ग राखले, तर हे प्रमाण ६५ टक्क्यांवर जातं. असे मार्ग उपयोगी पडतात, याचा पुरावा आपल्याकडेही आहे. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्गाखालच्या भुयारी वाटांमधून वाघ ये-जा करताना कॅमेऱ्यांनी टिपले आहेत.

अशा प्रयोगशाळेत जायचं असेल, तर जीवशास्त्र किंवा भूशास्त्राची पदवी हा एक रस्ता झाला. संख्याशास्त्र, ‘आर’ ही संगणकभाषा आणि जीआयएस ही नकाशांवर माहिती मांडणारी संगणकप्रणाली येणाऱ्यांनाही तिथे भरपूर काम असतं. पीएच.डी.साठी अर्ज करण्याआधी संबंधित प्राध्यापकांचे शोधनिबंध वाचावेत आणि मगच त्यांना पत्र लिहावं. पत्रात गुणांच्या यादीपेक्षा आपल्याला पडलेला एक नेमका प्रश्न मांडावा: अमुक प्राणी इथून नाहीसा का झाला, किंवा तमुक प्राणी पुढे कुठे जाईल? पुरावा हाताने निवडायची चिकाटी आणि तो नकाशावर मांडायचं कसब एकाच माणसात आलं, तर कोणती जमीन आज राखायला हवी, हे तो धोरण आखणाऱ्यांना पुराव्यानिशी सांगू शकतो.