समुद्रतळावरील जीवांची नियमित मोजदाद

समुद्राच्या तळाशी वाळूत झिंगे-खेकड्यांच्या वर्गातील अनेक चिमुकले प्राणी राहतात. ‘ॲम्पेलिस्का’ हा त्यांपैकीच एक होय. त्याची लांबी जेमतेम काही मिलिमीटर असते. तो वाळूत नळीसारखे घर करतो, पाण्यातील सेंद्रिय कणांवर जगतो आणि स्वतः माशांचे भक्ष्य होतो.

फ्रान्समधील ब्रिटनीच्या किनाऱ्यावर, मॉर्ले उपसागरात १९७७ साली ह्या जीवांची मोजदाद सुरू झाली. ठरलेल्या जागेची वाळू उपसावयाची, चाळणीत धुवावयाची व मागे राहिलेले प्राणी जातवार मोजावयाचे, अशी ती रीत होती. १६ मार्च १९७८ रोजी ह्याच किनाऱ्यावर पश्चिमेस ‘अमोको कॅडिझ’ हे तेलवाहू जहाज खडकांवर आपटले. २ लक्ष टनांहून अधिक तेल समुद्रात सांडले व ते उपसागरातही शिरले. तेथील ॲम्पेलिस्का जवळजवळ नाहीसे झाले. ह्या प्राण्याची मादी पोटाखालच्या पिशवीत पिले वाढविते. ती प्रवाहाबरोबर दूरवर पसरत नाहीत. त्यामुळे बाहेरून फारशी भर पडली नाही. वाचलेल्या थोड्यांपासूनच वंश वाढावयाचा होता. त्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागला.

अपघातापूर्वीची नोंद नसती, तर किती जीव गेले व ते केव्हा भरून आले, हे सांगता आले नसते. शिक्षकांनी गावच्या ओढ्यातील जीवांची अशीच नोंद विद्यार्थ्यांकडून ठेववावी. जागा तीच, महिना तोच, रीतही तीच असावी. काही विशेष न आढळल्यास तसेही लिहावे; पुढे तुलनेस तीच नोंद उपयोगी पडते.