फवारणीचे दिवस आणि बातमीची जागा

२५ ऑगस्ट २०१७ रोजी पंचकुलाच्या न्यायालयाने डेरा सच्चा सौदाच्या गुरमीत राम रहीमला बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरवले. त्यानंतरच्या हिंसाचारात तीसहून अधिक माणसे मेली. ती बातमी मोठी होतीच. पण पुढे ३ ऑक्टोबरला त्याची मानलेली मुलगी हनीप्रीत पोलिसांच्या हाती लागेपर्यंत वृत्तवाहिन्या रात्रंदिवस तिच्याच मागावर होत्या. ती नेपाळात आहे का, तिला कोणी लपवले, यावर तासन् तास चर्चा झडल्या. नेमक्या त्याच दिवसांत वऱ्हाडात औषध मारता मारता माणसे पडत होती.

त्या साली कपाशीची पऱ्हाटी काही ठिकाणी डोक्याच्या वर गेली होती. पाठीवर पंप घेऊन तासांत शिरलेल्या मजुराला नळी वर धरून फवारावे लागे आणि तो फवारा परत त्याच्याच तोंडावर, छातीवर येई. दमट हवा, तोंडाला फार तर रुमाल, आणि अळीच्या धास्तीने एकाच पंपात कालवलेली दोन-तीन औषधे. संध्याकाळपर्यंत मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, मग श्वास कोंडणे. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक जण दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. अकोला-अमरावतीतही विषबाधा झाल्या. देशाला हे कळले ते सप्टेंबर संपता संपता.

उशीर का झाला? डेऱ्यासारख्या प्रकरणाला एक चेहरा असतो, रोज नवे वळण असते, आणि स्टुडिओत चार जण बसवले की खर्चही भागतो. विषबाधा मात्र एकेका गावातून एकेक करून येते. मरणारा बहुधा भूमिहीन मजूर, त्याचे नाव कोणाला ठाऊक नसते. मला आणखी एक कारण दिसते आणि ते जास्त बोचते. विदर्भात विष पोटात गेलेला माणूस म्हणजे आत्महत्या, हा साचा आपल्या डोक्यात इतका पक्का बसला आहे की, कामावर विष अंगात भिनलेला मजूर त्यात दिसेनासा होतो.

पत्रकार पी. साईनाथ यांनी २००६च्या मुंबईतल्या फॅशन वीकबद्दल लिहिले होते: सुती कपड्यांचा तो सोहळा टिपायला ५१२ मान्यताप्राप्त पत्रकार, आणि कापूस पिकवणाऱ्यांच्या आत्महत्यांचा मागोवा घ्यायला विदर्भात बोटांवर मोजण्याइतके. वाचकांनाच हे नको असते, असे संपादक सांगतात. मला ते पटत नाही. आमच्याकडे पारावर पेपर उघडला की आधी पाऊस आणि कापसाचा भाव शोधतात. केवळ शेतीला वाहिलेले ‘ॲग्रोवन’ दैनिक २००५पासून चालते, ते वाचक आहेत म्हणूनच.

अडचण बातमीच्या अर्थकारणातही आहे. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन तुटपुंजे, वर नेत्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीसाठी जाहिराती आणायच्या. कृषी केंद्राचा मालकही जाहिरातदारच. त्याच्या दुकानातून कोणते औषध कोणाच्या सल्ल्याने विकले गेले, हे वार्ताहराने कोणत्या बळावर विचारावे?

आणि लागणारी माहिती काही गूढ नव्हती. डब्यावरचा त्रिकोण लाल असेल तर औषध अतिजहाल. मग पिवळा, निळा, हिरवा असा उतरता क्रम. वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून फवारू नये. कपडे भिजले की काढावेत, अंग साबणाने धुवावे. दवाखान्यात जाताना डबा सोबत न्यावा. हे शेवटचे सर्वांत मोलाचे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या विषावर ॲट्रोपिन देतात, पण प्रत्येक विषावर तोच उतारा नाही, आणि मिश्रण असेल तर डॉक्टरला आत काय होते ते कळावेच लागते. अकोल्यात १९६९पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, तिथले तज्ज्ञ हे सांगू शकतात. एवढा मजकूर पहिल्या पानाच्या एका चौकटीत मावतो.

बातमी गाजली तेव्हा यंत्रणा हललीही. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले, विभागातल्या पाच जिल्ह्यांत काही कीटकनाशकांची विक्री काही काळ थांबवली गेली. हेच ऑगस्टमध्ये झाले असते तर काही घरांतली माणसे आज असती, असे मी पूर्ण विचाराने लिहितो.

फवारणी दरवर्षी जुलैत जोर धरते. संपादकांनी ती चौकट जूनअखेर छापावी आणि दर आठवड्याला जिल्हा रुग्णालयातून फवारणीच्या विषबाधेचा आकडा मागवून त्याच पानावर द्यावा.